आंब्याच्या हिशेबाचा रोजचा बॅकअप

पेट्यांचा हिशेब आणि बिलांचा फोल्डर रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आपोआप जायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. काही घेऊ नका. रोबोकॉपी ही कमांड व्हिस्टापासून विंडोजमध्येच येते. नोटपॅडमध्ये एकाच ओळीत रोबोकॉपी, मूळ फोल्डरचा पत्ता, डिस्कवरच्या फोल्डरचा पत्ता आणि शेवटी स्लॅश ई (म्हणजे आतले फोल्डरही जातात) लिहा. फाइल बॅट एक्स्टेन्शनने सेव्ह करून टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्याच प्रोग्राममध्ये, रोजची वेळ लावा. पहिल्या दिवशी वेळ लागेल, नंतर फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली जातात.

पुष्कळजण स्लॅश ई ऐवजी एमआयआर सांगतात. मी सांगणार नाही. एमआयआर म्हणजे आरसा. दुपारी चुकून बिलं डिलीट झाली, तर रात्री ती बॅकअपमधूनही जातात, आणि कळतं ते ऑडिटच्या वेळी!

त्याच ओळीत स्लॅश आर कोलन दोन (दोनदाच पुन्हा प्रयत्न) आणि स्लॅश डब्ल्यू कोलन पाच (मध्ये पाच सेकंद थांबणं) हेही जोडा. नाहीतर एखादी फाइल अडली, की रोबोकॉपी तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करते. गंमत नाही, मुळातलं सेटिंगच तसं आहे.

आता आपल्याकडची खरी अडचण, लाईट. टास्क शेड्यूलरच्या कंडिशन्समध्ये लॅपटॉप चार्जिंगला असेल तरच काम सुरू करायचं, अशी टिक आधीपासून असते. ती काढा. सेटिंग्जमध्ये चुकलेलं काम जमेल तेव्हा लगेच करण्याची टिक नसते, ती द्या. पावसाळ्यात संध्याकाळी सातला लाईट असेलच असं कोण सांगणार? डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला एक ठरलेलं अक्षरही देऊन टाका, नाहीतर मध्ये पेन ड्राइव्ह लावला की पत्ता चुकतो.

माझं दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत, तळमजल्यावर. २१ जुलै २०२१ च्या रात्री बॅकअप व्यवस्थित झाला होता. २२ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आत आलं तेव्हा कॉम्प्युटर आणि डिस्क एकाच टेबलावर होते. दोन्ही गेले. हिशेब परत मिळाला तो सीएंना मेलवर पाठवलेल्या जुन्या फाइलींतून, तोही अर्धाच. तेव्हापासून माझ्याकडे दोन डिस्का आहेत. दर रविवारी अदलाबदल करतो, एक दुकानात आणि दुसरी डोंगरावरच्या मेव्हण्याच्या घरी, तांदळाच्या डब्याशेजारी. वहिनी हसतात, हसू देत.