धूर मोजायचाय तिला, मोजू द्या

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. तुमची मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, आता कॉलेज सोडवून तिसऱ्यांदा बसवायचं तुम्ही ठरवलंय. तिला मात्र कारखान्यांच्या धुरातले विषारी हायड्रोकार्बन मोजण्याच्या कामात जायचंय. तिच्या मार्कांची मला काळजी वाटली नाही. ‘महिनाभर ती आमच्यासोबत जेवायला बसत नाही’ हे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय, ते वाचून पोटात गोळा आला. पोरगी ताट घेऊन खोलीत जाते आणि तुम्ही मला कोणता क्लास चांगला ते विचारताय! भावकीत डॉक्टर आहेत म्हणून तिनंही व्हावं, याला कारण म्हणत नाहीत. तिसरी नीट तिनं मागितली असती तर मी वेगळं बोलले असते. तिनं ती मागितलेली नाही. हा विषय घरात बंद करा, आणि बंद केलाय हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगा.

आता तुमचा गैरसमज. ‘हे तर पीयूसीवाल्याचं काम, मशीन लावायचं, आकडा वाचायचा.’ अजिबात नाही. सल्फर डायऑक्साइड, धूलिकण यांचे आकडे चिमणीवरची यंत्रं दिवसरात्र दाखवतात. पण इंधन अर्धवट जळून निघणारं बेंझो-ए-पायरीन, म्हणजे तिला मोजायच्या विषारी हायड्रोकार्बनांपैकीच एक, तसं सापडत नाही. चिमणीत नळी घालून, धूर ज्या वेगानं वर चाललाय त्याच वेगानं तो ओढावा लागतो. वेग चुकला की कण कमी-जास्त येतात आणि आकडा खोटा निघतो. जड रेणू कणांना चिकटून फिल्टरवर अडकतात, हलके वायुरूपात पुढे निसटतात, म्हणून त्यामागे त्यांना शोषून धरणाऱ्या रेझिनची नळी. फिल्टर उन्हात राहिला तर पकडलेलं रसायनच नष्ट होऊ लागतं. तो फॉइलमध्ये गुंडाळून, थंड ठेवून लॅबमध्ये आणायचा. मग द्रावकात उतरवायचं, आटवायचं, जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासायचं. आपल्या देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकात बाहेरच्या हवेसाठी बेंझो-ए-पायरीनची वार्षिक मर्यादा घनमीटरला १ नॅनोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. यानं माणसाला कॅन्सर होतो, हे मान्य झालेलं आहे. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आणि बुटीबोरीचे कारखाने उशाशी असलेल्या नागपूरकरानं या कामाला हलकं म्हणू नये.

वाट सरळ आहे: बीएस्सी पूर्ण, मग सीयूईटी-पीजी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट परीक्षा. पर्यावरणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था नीरी तर १९५८ पासून आपल्याच गावात आहे.

‘मुलगी चिमणीवर चढणार?’ चढेलही, कठडा आणि सेफ्टी बेल्ट असेल तर. अर्धं काम लॅबमध्येच असतं. मला भीती दुसरी आहे. खासगी लॅबमध्ये सुरुवातीला पगार बेताचा असतो, आणि ‘आकडा जरा खाली दाखवा’ म्हणणारी गिऱ्हाइकंही भेटतात. लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचं काम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का ते बघूनच नोकरी धरावी, आणि अशा वेळी ‘नाही’ म्हणता यायला हवं. ते तिला आधी घरात म्हणता आलं पाहिजे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही ते वाचायला मागू नका.