वाचकांचे प्रश्न : अ‍ॅडमिन म्हणजे संपादक नव्हे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. पाण्याची वेळ, कचरागाडी, गणपतीची वर्गणी, एवढ्यासाठीच ग्रुप काढला. एका रात्री एकाने शेजारच्या बाईंबद्दल घाण मजकूर टाकला. मी झोपलो होतो. सकाळी तिचा नवरा माझ्या दारात, "अ‍ॅडमिन तुम्ही, केस तुमच्यावरच." आता मी काउन गुन्हेगार? (निवृत्त लिपिक, नंदनवन)

उत्तर : भाऊ, याचं उत्तर आपल्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या उच्च न्यायालयात दिलं गेलंय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६चं. ग्रुपमधल्या एकाने एका बाई सदस्याबद्दल अश्लील लिहिलं. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा. २०२१मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की अ‍ॅडमिनला माणूस आत घेता येतो, बाहेर काढता येतो. पण कोण काय लिहिणार हे आधी कळत नाही आणि अडवताही येत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असं दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या लिखाणाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

वर्तमानपत्राच्या संपादकाचं मात्र उलट आहे. कुठल्याही दैनिकाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं असतात आणि संपादकाच्या नावाजवळ 'बातम्यांच्या निवडीची जबाबदारी' असे शब्द. ही इंग्रजांच्या १८६७च्या कायद्याची देणगी. ज्याचं नाव संपादक म्हणून छापलं त्यानेच मजकूर निवडला, असं गृहीत धरायचं. नसेल निवडला तर त्याने सिद्ध करावं. मी रात्रपाळीला उपसंपादक होते तेव्हा आमचे संपादक स्वतः न वाचलेल्या बातम्यांसाठी तारखांना जाऊन उभे राहायचे. (तो कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आलाय.) शेजारीच छापतात ते 'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' हे वाक्य त्यांना तिथे कधी कामी आलेलं मी पाहिलं नाही.

तुम्ही निवड केली नाही, म्हणून तुम्ही सुटता. पण दोन गोष्टी सांभाळा. 'फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील' अशी सेटिंग करून दुसऱ्यांचे निरोप तुम्ही वर टाकू लागलात, की निवड तुमची झाली. आणि या निकालानंतर, २०२२पासून, अ‍ॅडमिनला इतरांची पोस्ट सगळ्यांसाठी पुसायची सोय मिळाली आहे. तेव्हा 'माझ्या हातात काही नव्हतं' हे उद्या तितक्या ठामपणे म्हणता येईल का, मला शंका आहे. स्क्रीनशॉट काढून त्या बाईंना द्या, मग पुसा, त्या माणसाला काढा.

आणि तो मजकूर 'बघा काय लिहिलंय' म्हणत दुसऱ्या कुणालाही पुढे पाठवू नका. महिला पत्रकारांबद्दलची एक पोस्ट पुढे पाठवणाऱ्या तामिळनाडूतल्या नट-पुढाऱ्याने ती काढली, माफीही मागितली. तरी २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द केला नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. 'मी लिहिलं नव्हतं, फक्त फॉरवर्ड केलं' ही सबब तिथे चालली नाही.

प्रश्न : माझं सावजीचं हॉटेल आहे. एक यूट्यूबवाला माइक घेऊन थेट भटारखान्यात शिरला, शूटिंग केलं. आता म्हणतो, महिन्याची जाहिरात द्या, नाहीतर व्हिडिओ लावतो. त्याचा चॅनल रजिस्टर आहे का, कुठे पाहू? (सक्करदरा)

उत्तर : पाहून करणार काय? यूट्यूब चॅनलला नोंदणीची गरजच नाही. नवा नोंदणी कायदा नियतकालिकांचा आहे. टीव्ही वाहिनीला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी २०२१च्या नियमांप्रमाणे त्या मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते, पण तो परवाना नव्हे. गाडीवर 'प्रेस' लिहिल्याने तर कसलाच हक्क मिळत नाही. तुमच्या भटारखान्यात तपासणीला शिरायचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे.

बदनामीची भीती घालून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. त्याचे मेसेज, कॉल जपून ठेवा आणि पोलिस ठाण्यात जा. मात्र जाण्याआधी भटारखाना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. व्हिडिओतलं झुरळ खरं असेल तर खंडणीचा गुन्हा त्याच्यावर राहील, पण बदनामीचा दावा तुम्हाला जड जाईल. खरं आणि लोकहिताचं सांगितलं तर ती बदनामी ठरत नाही.

प्रश्न : फसवणुकीच्या बातमीत पेपरने चुकून माझ्या वडिलांचा फोटो छापला. आठवड्याने सातव्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. एवढ्यावर गप्प बसायचं का? (महाल)

उत्तर : अजिबात नाही. फोटो पहिल्या पानावर आणि खुलासा सातव्या पानाच्या तळाशी, ही आपल्या पेपरांची जुनी खोड. आधी संपादकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. समाधान झालं नाही तर प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिकाबाबत तक्रार छापल्यापासून दोन महिन्यांत करावी लागते. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, समज देऊ शकतं. दंड किंवा भरपाई तिथे मिळत नाही. भरपाईचा दिवाणी दावा छापल्यापासून वर्षाच्या आत लावायचा; लोक याच मुदतीत फसतात. बदनामीची फौजदारी तक्रार न्याय संहितेच्या कलम ३५६खाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते, मुदत तीन वर्षं. पण चूक साधी असेल तर त्या वाटेला जाऊ नका, असं मी सांगेन. वडिलांचे जोडे झिजतील.

प्रश्न : खासगी एफएमवर गाणी आणि बडबड, बातम्या का नाहीत? (धरमपेठ)

उत्तर : त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस्स. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं, तरी रेडिओच्या बातमीवर सरकारचाच पहारा आहे. वाहतूक, हवामान, परीक्षेचे निकाल, पाणी-वीज बंदच्या सूचना यांची गणना बातम्यांत होत नाही. म्हणजे उद्या नळ येणार नाही हे तुमचा आरजे सांगू शकतो. का येणार नाही हे त्याने मनपाला विचारलं, तर ती बातमी झाली.