नर्मदेच्या पाण्यात छोटे सिक्लिड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी झाडं लावलेली टाकी आठ महिने सुरळीत चालू आहे. त्यात पंधरा कार्डिनल टेट्रा, सहा पेपर कोरिडोरास (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश, थोडक्यात कोरी) आणि चार शेवाळ खाणारे ओटो आहेत. नळाला पाणी नर्मदेचं. टेस्ट किटवर पीएच ७.८, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) १० आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) ८ येतो. हीटर २५ अंशांवर आहे. तळाशी थोडा रंग आणि हालचाल हवी म्हणून छोटे सिक्लिड (तळाची जागा राखणाऱ्या माशांचं कुळ) आणायचे आहेत. दुकानदार म्हणतात, ब्ल्यू रॅम, एपिस्टो (एपिस्टोग्रामा) आणि क्रिबेन्सिस या छोट्या सिक्लिडांची एकेक जोडी आरामात राहील. घ्याव्यात का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : तीन जोड्या नकोत. एकच जात घ्या.

दुकानदारांनी लिटरचा हिशोब केला असावा. तुमच्या टाकीत रेती, लाकूड वजा जाता साधारण १६० लिटर पाणी आहे आणि तीन ते आठ सेंटिमीटरच्या सहा माशांना ते पुरतंच. पण सिक्लिड भांडतात ते तळाच्या जागेवरून. तुमचा तळ साडेचार चौरस फुटांचा. त्यातला तिसरा हिस्सा लाकूड आणि झाडांनी व्यापलेला असणार. क्रिबेन्सिसच्या जोडीने अंडी घातली की ती निम्मा तळ आपला मानते. मग उरलेल्या दोन जोड्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात, फाटक्या पंखांनी दिवस काढतात.

आता तिघांपैकी कोण? तुमच्या पाण्याला सगळ्यात जुळतो तो क्रिबेन्सिस, पीएच ७.८ त्याला सहज चालतो. तरी तो घेऊ नका, कारण तुमच्याकडे कोरी आहेत. सिक्लिडने कल्ले फुगवून दिलेली धमकी कोरीला कळत नाही. तो रात्री रेती चाळत थेट अंड्यांवर जातो आणि क्रिबेन्सिस त्याच्या डोळ्यांवर हल्ला करतो. आंधळे कोरी हा या जोडगोळीचा नेहमीचा शेवट.

रॅम व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातल्या उष्ण गवताळ मैदानांचा. त्याला वर्षभर २७ ते ३० अंश हवेत. २५ अंशांवर तो जगतो, पण खाणं मंदावतं आणि पांढरे ठिपके किंवा आतड्यांचे परजीवी डोकं वर काढतात. तापमान २८ केलं तर कार्डिनल खूश राहतील, पेपर कोरी मात्र राहणार नाहीत. त्यांना २५ च्या खालचं पाणी मानवतं. रॅमच हवा असेल तर पेपरऐवजी स्टर्बाय कोरी ठेवावे लागतील. तेवढी उलथापालथ करण्यासारखं कारण आम्हाला दिसत नाही.

राहिला एपिस्टो. दुकानात ‘एपिस्टो’ एवढंच सांगतील तर पुढे विचारा, कारण या नावाखाली नव्वदहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या गरजा निरनिराळ्या. अगासिझीला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. कॅकॅटुऑइडिस, म्हणजे डोक्यामागे तुऱ्यासारखे काटे असलेला, जीएच १० निमूट सोसतो. बोरेली पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला. २० अंशांपर्यंत उतरलेलं पाणीही त्याला चालतं. जानेवारीत पहाटे वीज गेली आणि टाकी गार हॉलमध्ये असली तर हाच निभावतो.

चौथं नाव दुकानदारांनी घेतलंच नाही ते बोलिव्हियन रॅमचं. २३ ते २६ अंश, मध्यम कठीण पाणी, सात-आठ सेंटिमीटर लांबी. दुकानाच्या उघड्या टाकीत तो राखाडी दिसतो म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकतं. सहा महिन्यांनी झाडांमध्ये स्थिरावलेला बघितला की मत बदलतं.

आमची पसंती: कॅकॅटुऑइडिसचा एक नर आणि दोन माद्या. त्या न मिळाल्यास बोलिव्हियन रॅमची चार पिल्लं घ्या, त्यांची जोडी आपोआप जमू द्या आणि उरलेली दोन दुसऱ्या टाकीत हलवा.

आणण्याआधी टाकीची रचना बदला. अंडी घालायला गुहा माद्यांपेक्षा एक जास्त हवी, म्हणजे तीन. नारळाच्या करवंट्या उत्तम. खोबऱ्याचा कणही आत राहू देऊ नका, नाहीतर पांढरी बुरशी येते. वीस मिनिटं उकळा आणि काठाला मादीपुरती छोटी खाच कापा. त्या खाचेतून मादी जाते, नर जात नाही, आणि तिला तेच हवं असतं. दोन गुहा टाकीच्या दोन टोकांना, तोंडं एकमेकींकडे न करता ठेवा. मध्ये पुढच्या काचेपर्यंत येणारं लाकूड किंवा क्रिप्टोकोरिन या पाणझाडाची दाट रांग हवी. एकीला दुसरी दिसली नाही तर निम्मी भांडणं होतच नाहीत. एपिस्टो रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतात, म्हणून धारदार खडीऐवजी बारीक, धुतलेली नदीची रेती पुढच्या भागात तळहाताएवढ्या रुंदीने तरी पसरा.

प्रश्न : बोअरचं पाणी खूप कठीण आहे. घरच्या आरओचं पाणी मिसळलं तर चालेल का आणि किती? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : चालेल, पण आधी दोन गोष्टी तपासा. घरगुती आरओ यंत्रात बरेचदा ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. तो आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काही यंत्रांत मिनरल कार्ट्रिजही असते. टाकीसाठी पाणी मेम्ब्रेननंतर लगेच, या दोन्हींच्या आधी घ्या. शिवाय टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या पेनवरून कठीणपणा ठरवू नका. पेन मीठही मोजतं. जीएच आणि केएचची थेंबांची किट घ्या.

हिशोब सरळ आहे. बोअरचं जीएच १६ आणि केएच १२ असेल, तर निम्मं-निम्मं मिसळल्यावर ८ आणि ६ येईल. हे मिश्रण बादलीत तयार करून दर आठवड्याला पाव टाकी बदला. महिन्याभरात दोन तृतीयांश फरक पडतो. एकदम बदललं तर मासे तळाशी धापा टाकत बसतात. टाकीत झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर केएच ३ च्या खाली नेऊ नका. त्याखाली पाण्याचा आधार संपतो आणि एका रात्रीत पीएच कोसळू शकतो. जंगली बदामाची (कटप्पाची) गळलेली, तपकिरी पानं धुऊन पन्नास लिटरला एक या प्रमाणात टाका. त्यांनी पाणी चहासारखं होतं, एपिस्टोंचे रंग खुलतात, पण जीएच उतरत नाही.

प्रश्न : ‘जोडी’ म्हणून आणलेले दोन्ही एपिस्टो नर निघाले. दुकानात ओळखायचं कसं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : नर रंगीत असल्याने दुकानात अनेकदा फक्त नरच येतात. एपिस्टोची मादी लहान, आखूड पंखांची असते आणि चिडली की पिवळी पडते, तेव्हा अंगावरची काळी खूण ठळक होते. तीन सेंटिमीटरखालच्या पिल्लांत फरक सांगता येत नाही. अशी सहा घेऊन वाढवणं बरं. ब्ल्यू रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं आणि बाजूच्या काळ्या ठिपक्यात निळे कण दिसतात, नराच्या पाठीच्या पंखाचे पुढचे काटे लांब असतात. अडीच सेंटिमीटरचे सगळेच रॅम सारखेच भडक दिसत असतील तर त्यांना हार्मोन दिलेलं असण्याची शक्यता धरा. बलून जातीची पाठ वाकडीच पैदा केलेली असते. ती घेऊ नका.

घरी पैदास केलीत तर हेही लक्षात ठेवा: एपिस्टोच्या पिल्लांत नर-मादीचं प्रमाण पहिल्या आठवड्यांतल्या तापमानावर बरंचसं ठरतं. २९ अंशांवर नर जास्त, २३ वर माद्या जास्त. २६ च्या जवळपास ठेवलं की दोन्ही मिळतात.

प्रश्न : ब्ल्यू रॅम आणले की पंधरवड्यात मरतात. खाणं सोडतात, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येते. (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : लक्षणं आतड्यातल्या परजीवींची आहेत. ते माशात बरेचदा आधीपासून असतात. लांबचा प्रवास, गार पाणी आणि कच्ची (नवी, अजून न मुरलेली) टाकी यांनी ते बळावतात. कोलकाता आणि चेन्नईचं कोलाथूर ही देशातल्या शोभिवंत माशांची मोठी केंद्रं. तिथून निघालेला मासा इंदूरपर्यंत पोचताना दीर्घ काळ पिशवीत असतो. म्हणून माल आल्याच्या दिवशी घेऊ नका. आठवड्याने जा, समोर खायला घालायला सांगा. पोट आत गेलेला किंवा खाऊन थुंकणारा मासा सोडा.

पिशवी घरी आणल्यावर १५ मिनिटं तरंगत ठेवा. उघडल्यावर मात्र फार रेंगाळू नका: हवा लागताच पिशवीतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. थोडं थोडं पाणी घालत अर्ध्या तासात मासा जाळीने काढा, पिशवीचं पाणी ओतून द्या.

नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत, जुन्या स्पंज फिल्टरसह, २८ अंशांवर ठेवा. विष्ठा पांढरी दिसली तर मेट्रोनिडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ६० लिटर पाण्याला, दर ४८ तासांनी, असे तीन डोस. प्रत्येक डोसआधी तिसरा हिस्सा पाणी बदला आणि फिल्टरमधून कार्बन काढून ठेवा. गुदद्वारातून लाल दोरे लोंबत असतील तर ते जंत असतात. त्यांना हे औषध लागू पडत नाही, लेव्हॅमिसोल लागतं.

आणि टाकी दोन महिन्यांपेक्षा नवी असेल तर तिथे रॅम घालूच नका.

प्रश्न : मे महिन्यात टाकी ३३ अंशांवर जाते. चिलर परवडत नाही. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा आणि काचेचं झाकण काढा. इंदूरची हवा मेमध्ये कोरडी असल्याने दोन ते चार अंश सहज उतरतात. त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम घटतो. पावसाळ्यातही तो चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

इथे एक घोळ होतो. दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. उडालेलं पाणी नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर १६० लिटरच्या टाकीत जीएच १० चा, आठवड्याला पाव पाणी बदलूनही, १३ च्या आसपास जाऊन थांबतो. उडालेलं आरओने भरा; बदलायचं पाणी नळाचं चालेल.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून उन्हाळ्यात सीओटू कमी करा, दिवे गेल्यावर पूर्ण बंद ठेवा आणि रात्री एअर पंप चालवा. एपिस्टो तळाशी असल्याने त्यांना आधी त्रास होतो. कल्ले भराभर हलताना दिसले की पंपाची वेळ झाली.

प्रश्न : आपल्याकडचा एखादा छोटा सिक्लिड नाही का? (पलासिया, इंदूर)

उत्तर : आहे: ऑरेंज क्रोमाइड, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, साधारण आठ सेंटिमीटरचा. कठीण पाणी त्याला आवडतं. पाच-सहाच्या गटाने ठेवा, चार फुटी टाकीत. एपिस्टोबरोबर मात्र नको, तो त्यांना जेवू देत नाही.