संगणक दवाखाना : आवाज गेला, भजनं शाबूत

प्रश्न : ताई, आमच्या खंजिरी भजन मंडळाचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ वाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गावातल्याच म्हाताऱ्या मंडळींच्या आवाजात भरून ठेवली आहेत. मशीन हळू चालते म्हणून पुतण्यानं दिवाळीच्या सुटीत नको ते प्रोग्राम काढले. त्यात ‘रियलटेक’ नावाचंही काहीतरी होतं म्हणे. तेव्हापासून आवाज पार बंद. घड्याळाजवळच्या भोंग्यावर लाल फुली दिसते. तालुक्याचा दुकानदार म्हणते, फॉरमॅटच मारा लागते. भजनं जातील का?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, फॉरमॅट मारू देऊ नका. निदान एवढ्यात तरी नाही.

भजनं जागेवर आहेत. प्रोग्राम काढल्यानं गाण्यांच्या फायली पुसल्या जात नाहीत. तरी पुढचं काहीही करण्याआधी ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह मंडळातल्या दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. कॉपी करायला आवाज लागत नाही. फॉरमॅटचा मला राग यासाठी, की सी ड्राइव्हवरचं सगळं धुऊन काढल्यावरही आवाजासाठी शेवटी साउंडचा ड्रायव्हरच लागतो, म्हणजे आवाजाची चिप चालवणारा छोटा प्रोग्राम. मग तोच आधी का टाकू नये?

रियलटेक ही बहुतेक मदरबोर्डांवर (संगणकातल्या मुख्य पाटीवर) बसवलेली आवाजाची चिप बनवणारी कंपनी, आणि पुतण्यानं काढला तो त्या चिपचा ड्रायव्हर. बैल गोठ्यातच आहे, कासरा तेवढा सुटला. ओळखीचं नाव दिसलं नाही की काढून टाकायचं, ही आजकालच्या पोट्ट्यांची सफाई. त्याला रागावू नका, पण यापुढे ‘ड्रायव्हर’ असं लिहिलेल्या ओळीला हात लावायचा नाही हे सांगून ठेवा.

आधी वायर बघा. स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकातच पाहिजे. गुलाबी भोक माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. हंगामात ज्या खोलीत कापूस भरता त्याच खोलीत मशीन असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही पाहा. गोल पिनचं भोक असलेल्या मोबाइलला स्पीकर जोडून वाजवला, की स्पीकर खरा की खोटा ते लगेच कळतं.

आता ती लाल फुली. तिच्यावर माउस नेऊन थांबा, क्लिक करू नका. बारीक अक्षरात एक ओळ येईल. ‘द ऑडिओ सर्व्हिस इज नॉट रनिंग’ असं असेल तर ड्रायव्हरचं भांडणच नाही. विंडोजचं बटण दाबून आर दाबा, चौकटीत सर्व्हिसेस डॉट एमएससी (services.msc) हे इंग्रजीत टाइप करा. यादीत ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ आणि ‘विंडोज ऑडिओ’ अशी दोन नावं सापडतील. दोन्हींवर डबल क्लिक करून ‘ऑटोमॅटिक’ ठेवा आणि ‘स्टार्ट’ दाबा, बिल्डर आधी.

तुमच्याकडे मात्र ‘नो ऑडिओ आउटपुट डिव्हाइस इज इन्स्टॉल्ड’ असंच दिसेल, असा माझा अंदाज. तसं असेल तर ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, ‘मॅनेज’, मग ‘डिव्हाइस मॅनेजर’. वरच्या ‘अ‍ॅक्शन’मधून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. विंडोज ७ मध्ये आवाजाचा एक साधा ड्रायव्हर कंपनीनंच भरून दिलेला असतो. तो लागला तर ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’खाली ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं नाव येईल आणि पुष्कळदा गोष्ट इथंच मिटते. या साध्या ड्रायव्हरवर कॅबिनेटच्या पुढचं भोक कधीकधी मुकं राहतं, म्हणून मागच्यातच ऐका.

नावावर खाली वळलेला बाण असेल तर ते फक्त बंद करून ठेवलंय. राइट क्लिक करून ‘इनेबल’ करा. पिवळं चिन्ह असेल तर ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्ही-ई-एन या अक्षरांपुढे १०ईसी असेल तर चिप रियलटेकचीच. मग मदरबोर्डसोबत आलेली सीडी कपाटात शोधा. नसेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर लिहून घ्या आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून विंडोज ७ चा ऑडिओ ड्रायव्हर उतरवा. ३२ बिट की ६४ बिट, हे ‘कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेलं असतं. उतरवायचं काम मोबाइलवर करा आणि केबलनं मशीनमध्ये घ्या. क्रोमनं विंडोज ७ ला २०२३ मध्येच सोडलं, त्यामुळे त्या मशीनवर साइट उघडताना जीव जातो. ‘सगळे ड्रायव्हर फुकट शोधून देतो’ म्हणणारे प्रोग्राम घरात घेऊ नका. एक काढायला जाल तर चार घुसतील.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाचं नावच नाही, पिवळं चिन्हही नाही, असं झालं तर मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जा आणि ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ किंवा ‘एचडी ऑडिओ’ची ओळ ‘इनेबल्ड’ आहे का ते पाहा. बाकी तिथं काही छेडू नका.

याहून सोपी वाट म्हणजे सिस्टिम रिस्टोअर, विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारी तिचीच सोय. स्टार्टमध्ये हे नाव टाइप करा आणि दिवाळीच्या सुटीआधीची तारीख यादीत आहे का बघा. असेल तर काढलेला ड्रायव्हर परत येतो आणि भजनांना धक्का लागत नाही. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. पण जुन्या तारखा विंडोज जागेसाठी पुसत जातं, म्हणून फार आशा धरत नाही. आणि रिस्टोअर चालू असताना लाईन जाता कामा नये. तुमच्याकडे ती केव्हा जाते ते तुम्हालाच ठाऊक. तो वेळ टाळून बसा.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात विंडोज एक्सपीचा संगणक आहे. जुने गेम काढताना आवाजही गेला. रीस्टार्ट करून काही फरक नाही. पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं.
— एक ग्रंथपाल, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : ताई, रीस्टार्टनं तुमचं भागणार नाही. एक्सपी आलं २००१ मध्ये आणि एचडी (हाय डेफिनिशन) ऑडिओ ही आवाजाच्या चिपची पद्धत आली २००४ मध्ये, म्हणून तिचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटात नाही. प्रश्नचिन्हासमोर ‘ऑडिओ डिव्हाइस ऑन हाय डेफिनिशन ऑडिओ बस’ लिहिलं असेल तर हेच दुखणं. बोर्डाच्या सीडीतला एक्सपीचा सेटअप चालवा. सीडी हरवली असेल तर दोन-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ते एक्सपीला सीडीशिवाय ओळखता येतं. मागच्या पोर्टात लावा, पुढच्यातून पोरं ओढून काढतात. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत, तेव्हा त्या मशीनला इंटरनेट जोडू नका. गोष्टी नि कविता ऐकवायला ते नेटशिवायही चालेल.