कमिन्स इंजिन, ॲलिसन गिअरबॉक्स, फोर्डची चासी: डिझेल पिकअप जुळवताना कोणत्या वर्षाचं काय घ्यावं?

तुम्ही विचारलंत की तिन्ही अमेरिकन कंपन्यांच्या पिकअपमधले सगळ्यात चांगले भाग एका गाडीत कसे आणायचे: फोर्डची चासी, डॉजमधलं कमिन्सचं डिझेल इंजिन आणि जनरल मोटर्सच्या गाडीतला ॲलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. भाग कंपनीच्या गाडीतून निघालेलेच हवेत, गाडी चारचाकी ड्राइव्हची हवी आणि मागे जड ट्रेलर ओढायचा आहे. कामाचं स्वरूप लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळं उत्तर त्यावरच ठरतं.

इंजिन शोधण्याआधी चासीचं वर्ष ठरवा. बहुतेकजण नेमकं उलट करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या नियमाप्रमाणे इंजिन चासीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि त्याला कंपनीने दिलेली प्रदूषण नियंत्रणाची साधनं जागेवर असावी लागतात. २००६ च्या चासीत १९९६ चं इंजिन बसेल, पण कागदावर गाडी अडकेल. कॅलिफोर्नियात असाल तर तिथले नियम याहून कडक आहेत, ते आधी वाचून घ्या.

म्हणून माझी निवड १९८६ ते १९९७ मधली फोर्ड एफ-३५०. एफ-२५० नको. त्या काळच्या चारचाकी ड्राइव्हच्या एफ-२५० ला पुढे दोन तुकड्यांचा ॲक्सल (डाना ४४ किंवा डाना ५०) येतो, तर एफ-३५० ला पाट्यांवर बसलेला अखंड डाना ६० ॲक्सल मिळतो. कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन अर्ध्या टनाच्या आसपास भरतं. ते पेलायला अखंड ॲक्सलच हवा.

इंजिन १९९६ ते १९९८ च्या सुरुवातीपर्यंतच्या डॉज रॅममधलं, ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्ह घ्या. चासीपेक्षा नवीन वर्षाचं मिळालं तर वरच्या नियमातही बसतं. १९९४ पासून या इंजिनाला बॉशचा पी७१०० हा डिझेल इंजेक्शन पंप आला. सहा सिलिंडरना सहा प्लंजर एका ओळीत, आणि वंगण इंजिनाच्याच तेलाचं. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडला करंट मिळाला की इंजिन चालू राहतं, कॉम्प्युटर लागत नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत इंजिन बसवताना या एका गोष्टीने महिन्यांची वायरिंग वाचते. मॅन्युअल गिअरच्या गाडीतलं २१५ हॉर्सपॉवरचं मिळालं तर तेच उचला, त्या वर्षांत ऑटोमॅटिकला १८० चं येई. पुढचं कव्हर उघडून टायमिंग गिअरच्या हौसिंगमधली लहान डॉवेल पिन पाहिल्याशिवाय मात्र ते चासीत उतरवू नका. ती सैल होऊन गिअरमध्ये पडली तर इंजिन जातं. तिच्यावर एक पट्टी बसवली की काम झालं, आणि इंजिन बाहेर असताना ते अर्ध्या दिवसाचंही नाही.

त्यानंतरचं २४ व्हॉल्व्ह इंजिन स्वस्तात मिळेल. पण त्याला डिझेल पोचवणारा लिफ्ट पंप कमजोर झाला की त्यातला व्हीपी४४ हा इंजेक्शन पंप फार दिवस टिकत नाही. ब्लॉकवर ५३ हा आकडा ओतलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा. त्या ब्लॉकची पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ आहे आणि तडकते. २००३ नंतरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारं) उत्तम आहे, पण त्याबरोबर कॉम्प्युटर आणि अख्खी वायरिंग आणावी लागते.

आता गिअरबॉक्स. इथे मी तुमच्याशी थोडा असहमत आहे. ॲलिसन १००० ओढण्याच्या कामात फार चांगला आहे: २००१ पासून पाच गिअरचा, २००६ पासून सहा गिअरचा, आणि फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो. पण तो इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलून गिअर बदलतो आणि १२ व्हॉल्व्हजवळ बोलायला कॉम्प्युटरच नाही. मग थ्रॉटल पोझिशन सेन्सर लावा, स्वतंत्र कंट्रोलर आणा, जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनासाठी बनलेली बेल हौसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) कमिन्सला जुळवा. दोन कंपन्यांचे भाग जिथे एकत्र येतात तिथेच गाडी त्रास देते, हे मी अनुभवाने सांगतो. असे सांधे जितके कमी तितकी गाडी भरवशाची. म्हणून क्लच दाबायची तयारी असेल तर त्याच डॉजमधला एनव्ही४५०० पाच गिअरचा मॅन्युअल इंजिनासकट, फ्लायव्हीलसकट उचला. त्याच्या पाचव्या गिअरचा नट सैल होण्याची ख्याती आहे. बसवण्याआधी तो मागून उघडून पक्का करा. ॲलिसनच हवा असेल तर चारचाकी ड्राइव्हच्या गाडीतलाच घ्या, दोनचाकीवाल्याचा मागचा भाग वेगळा असतो.

गिअर आणि ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे) एकत्रच मोजा. ३२ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना ३.५५ रेशो आणि एनव्ही४५०० चा ०.७५ चा पाचवा गिअर धरला तर इंजिन सुमारे १,८०० आरपीएमला फिरतं. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क १,६०० ला मिळतो, म्हणजे चढावर हातात जोर राहतो. सहा गिअरच्या ॲलिसनबरोबर ४.१० घेतलात तर ०.६१ च्या सहाव्या गिअरला आकडा १,७०० च्या आसपास येतो. तेही छान. ४.१० आणि एनव्ही४५०० ही जोडी मात्र २,१०० ला जाते. लांबच्या प्रवासात डिझेलही जास्त पिते आणि कानही दुखतात.

पुढचा आणि मागचा रेशो एक आहे ना, हे स्वतः तपासा. मी एकदा दोन वेगळ्या गाड्यांचे ॲक्सल विकत घेतले, विकणाऱ्याच्या शब्दावर. एक ३.७३ निघाला, दुसरा ४.१०. चिखलात चार चाकं लावली तेव्हा काही कळलं नाही. कोरड्या रस्त्यावर लावली आणि ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची, साखळी गेली. तेव्हापासून मी कव्हर काढून दात मोजतो: ४१ ला ११ म्हणजे ३.७३, ४१ ला १० म्हणजे ४.१०. त्या काळात फोर्ड स्वतः पुढे ३.५४ आणि मागे ३.५५ देत असे, एवढा फरक चालतो.

२००५ नंतरच्या फोर्ड सुपर ड्यूटी पिकअपचा पुढचा ॲक्सल अनेकजण सुचवतील. वळायला तो खरोखर चांगला आहे. पण तो कॉइल स्प्रिंगसाठी बनलाय, तुमच्या चासीला पाटे आहेत. शिवाय त्याच्या चाकाचे आठ बोल्ट १७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि जुन्या एफ-३५० चे साडेसहा इंचांच्या. एकदा तो घेतलात की मागचा ॲक्सल, चाकं, स्टेपनी सगळं बदलणं आलं.

इंजिन सुटं घेऊ नका. गंजलेली का होईना, चालू स्थितीतली अख्खी डॉज विकत घ्या आणि आधी ती मागे वजन लावून चालवून पाहा. व्हॅक्यूम पंप, स्टिअरिंगचा पंप, इंटरकूलरचे पाइप, इंजिनाचे माउंट आणि तो एक विचित्र मापाचा बोल्ट, सगळं तिच्यातच मिळतं. इंजिन उतरवण्याआधी मात्र फोर्डच्या चासीत ऑइल पॅन आणि पुढच्या ॲक्सलमधलं अंतर मोजा. पाटे पूर्ण दबलेले असताना मोजा, गाडी जॅकवर असताना नाही.