गन शोमधील शस्त्रसुरक्षा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीच्या मेळाव्यात) मॅगझिन (काडतुसांचा खण) काढून ठेवलेले पिस्तूल हाताळण्यास हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे, आणि हाच गैरसमज अमेरिकेतील वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत असल्याने सविस्तर लिहितो. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून काडतूस झाडले जाते त्या पोकळीत) चढलेले काडतूस तिथेच राहते, आणि बरीचशी पिस्तुले मॅगझिनशिवायही ते झाडतात. आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवावी, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे. हा क्रम उलटला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये चढते आणि भरलेले शस्त्र रिकामे समजून चाप ओढला जातो. १९ जानेवारी २०१३ या एकाच दिवशी तीन गन शोंमध्ये पाच जण जखमी झाले. नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे प्रवेशद्वाराशी शॉटगनच्या पिशवीची चेन उघडतानाच बार उडाला. ओहायोतील मेडिना येथे विक्रेत्याने नुकतेच विकत घेतलेले पिस्तूल तपासताना त्याच्याच मित्राला गोळी लागली. इंडियानापोलिसमध्ये बाहेर पडताना एकाने पिस्तूल भरले आणि स्वतःचाच हात जायबंदी केला. यांतला एक तर विक्रेताच होता, तेव्हा ‘तो रोज हाताळतो, त्याला कळते’ हा युक्तिवाद मला ऐकवू नये. ही तपासणी प्रशिक्षकासमोर शिकावी, व्हिडिओ पाहून नव्हे.

प्रश्न : सेफ्टी (शस्त्र झाडले जाऊ नये म्हणून असलेली कळ) लावलेली असेल तर?

उत्तर : सेफ्टी हे यंत्र आहे, ते बिघडते, नळी माणसाकडे वळवू नये आणि बोट चापावर ठेवू नये.

प्रश्न : चाप कसा ओढला जातो ते दाखवण्यासाठी विक्रेता शस्त्राला बांधलेली प्लास्टिकची पट्टी कापतो म्हणाला. कापू द्यावी का?

उत्तर : देऊ नये. ती पट्टी तपासणीनंतर बांधलेली असते आणि सौदा पटवण्याच्या घाईत ती सर्वांत आधी कापली जाते. आयोजकांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारावे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. नुसते हातात घेऊन पाहिले तर चालेल ना?

उत्तर : ‘सगळेच घेतात’ ही ऐकीव माहिती इथे महागात पडू शकते. अमेरिकी संघीय कायदा अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांना, शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई करतो. क्षणभर हातात धरणे म्हणजे बाळगणे ठरेल का, हे स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे, आणि तेही तिकीट काढण्यापूर्वी.