सापळ्यात पतंग पडला म्हणून पंप खांद्यावर घेऊ नका

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांचं मूळ एकच आहे: पतंग (याच अळीचं मोठं झालेलं, उडणारं रूप) दिसला की घाई होते आणि ती घाई दुकानदाराच्या फायद्याची ठरते. त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं देतो.

"कामगंध सापळ्यात एका रात्रीत आठ-दहा पतंग पडले. दुकानदार म्हणतो, आजच्या आज मारा, नाहीतर मका हातची गेली. दोन औषधं एकत्र करून दिली आहेत. मारू का?"

मारू नका. कामगंध सापळ्यात मादीचा वास ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात पडतो तो नर. अंडी घालणारी मादी तिथे येत नाही. दिवसा ती पोंग्यात (झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) किंवा पानांच्या आडोशाला दडून बसते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते. सकाळी दहाला फवारून तुम्ही तिला गाठू शकत नाही.

आता तिचा हिशेब समजून घ्या, कारण फवारणीची वेळ त्यावरच ठरते. हा पतंग सरासरी दहा दिवस जगतो. कोषातून निघालेल्या मादीच्या पोटात अंडी तयार नसतात. पहिल्या तीन-चार रात्री अंगातली चरबी उडण्यासाठी खर्च होते. वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाण्याची तिची ताकद असते. 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे ही कीड देशात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही दिसली, यावरून वेग लक्षात घ्या. पुढे शरीरातलं संप्रेरक वाढतं आणि चरबी पंखांच्या स्नायूंऐवजी अंड्यांकडे वळते. पोट जड होतं, लांबचं उडणं कमी होतं. बहुतेक अंडी आयुष्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास घालून होतात, एका मादीची हजार-दीड हजार. नंतर उडणंही मंदावतं आणि अंडी घालणंही. काही पतंग तीन आठवडे जगतात, पण त्यांच्याकडून मोठं नुकसान होण्याचा काळ तोवर सरलेला असतो.

म्हणजे ताजे पतंग पडले त्या दिवशी शेतात मारण्यासारखी अळीच नसते. अंडी पडायला दोन-चार दिवस लागतात, ती फुटायला आणखी दोन-तीन. तोवर पोंग्यातून नवं पान बाहेर आलेलं असतं आणि त्यावर तुमच्या औषधाचा थेंबही नसतो. अळी नेमकी तिथेच बसते. मेले कोण? किडीच्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस हे बारीक मित्रकीटक, म्हणजे तुमचेच फुकटचे मजूर. आणि दोन औषधं एकत्र करण्याची शिफारस लेबलवर नसेल तर ती करू नका. दुकानदार सांगतो ते त्याच्या शिल्लक मालाप्रमाणे, हे मी कितीतरी शेतांत पाहिलं आहे.

सापळ्यातला नर मात्र हातात घेऊन बघा. पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका आणि मध्ये फिकट तपकिरी डाग ठळक असतील, तर पतंग ताजा आणि बहुधा जवळपासचाच. मग तुमच्याकडे दोन-तीन दिवस आहेत. पंखांवरची भुकटी झडून डाग पुसट झाले असतील, कडा फाटल्या असतील, तर तो वयाने मोठा किंवा लांबून आलेला. त्याच्या सोबतच्या माद्या अंडी घालायच्या टप्प्यावर असू शकतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानं पलटून बघायला लागा.

"लांबून उडत आलेला पतंग थकलेला असतो, अंडी कमी घालतो असं गावात म्हणतात. मग सोडून द्यायचं का?"

अजिबात नाही. पतंग वय झाल्यावर किंवा सलग अनेक रात्री उडाला तर अंडी घटतात, हे खरं. पण कोवळ्या वयात एखाद-दोन रात्री उडण्याने बऱ्याच स्थलांतर करणाऱ्या पतंगांची अंडी कमी होत नाहीत. भातावरच्या पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या पतंगात तर तरुणपणीच्या उड्डाणानंतर अंडी लवकर सुरू होतात, असं अभ्यासात दिसलं आहे. शिवाय वाटेत फुलांचा मध मिळाला की अंगातली तूट भरून निघते. त्यामुळे थकव्याच्या भरवशावर राहू नका.

करायचं काय? माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: अंडीपुंज हाताने चुरडा. पेरणीनंतर आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा, ओळीतून चालत जा. शंभर-दोनशे अंड्यांचा पुंज पानावर असतो, वर मळकट पांढऱ्या लोकरीसारखं आवरण. बोटाने दाबला की शंभर अळ्या संपल्या. याला लेबल लागत नाही, प्रतीक्षा काळ (फवारणी ते काढणी यातलं अंतर) लागत नाही. घरातली दोन माणसं सकाळच्या वेळात पुष्कळ रान उरकतात. सापळ्यात पतंग दिसायला लागताच एकरी 50 हजार ट्रायकोग्रामा सोडा. तो अंड्यांवरच चालतो, अळी निघाल्यावर सोडून उपयोग नाही. सोडल्यावर रासायनिक फवारणी थांबवा.

पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. शंभरात पाच झाडांच्या पानांवर कागदासारखे पारदर्शक चट्टे दिसले, तर कोवळ्या पिकात निंबोळी अर्क 5 टक्के मारा. प्रमाण त्याच्या पुढे जात असेल आणि अळी लहान असेल, तरच रासायनिक: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी 4 मिली किंवा स्पिनेटोरम 11.7 एससी 5 मिली, 10 लिटर पाण्यात. दोन्हीपैकी एकच. पुढची फवारणी लागली तर औषधाचा गट बदला. नोझल पोंग्यावर धरा, वेळ संध्याकाळची.

"अळी मोठी झाली, दोन फवारण्या वाया गेल्या. आता डोस डबल करू का?"

नाही, नाही आणि नाही. मोठी अळी पोंग्यात खोल बसते आणि तिच्याच विष्ठेचा बुच वर असतो. डबल डोस त्या बुचावरच थांबतो. वाचलेल्या अळ्या पुढच्या पिढीला औषध पचवायला शिकवतात आणि मका चारा म्हणून घालणार असाल तर विष जनावराच्या पोटात जातं. कोषावस्था जमिनीत काही सेंटिमीटरवर असते, तिलाही वरून मारलेलं औषध पोहोचत नाही. मोठ्या अळीसाठी पोंग्यात टाकायचं विषारी आमिष असतं: 10 किलो भाताचा कोंडा, 2 किलो गूळ, 2-3 लिटर पाणी, एक दिवस आंबवून. त्यात कोणतं कीटकनाशक आणि किती, हे कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरून ठरवा, दुकानदाराच्या तोंडावरून नाही. हातमोजे घाला. तुरा आणि कणसाचे केस आल्यावर रासायनिक फवारणी बंद.

शिवारात पेरणी पुढे-मागे झाली तर पतंगांना कायम कोवळा मका मिळत राहतो, म्हणून शेजाऱ्यांशी बोलून पेरणी एकाच आठवड्यात उरका.

सापळे, ल्युर (सापळ्यातली मादीच्या वासाची गोळी) आणि ट्रायकोकार्डांबद्दल (ट्रायकोग्रामा सोडण्याची कार्डं) सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा. अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर. ल्युर पाकिटावरच्या मुदतीत बदला, जुन्या ल्युरचा रिकामा सापळा म्हणजे पतंग नाहीत असं नव्हे.